भोंग्याच्या आधी की नंतर

लार्ग्स नॉर्थ
रविवार, १४ जुलै २०२४

कॅलम,

१. शनिवार, ११ मे. फुटबॉल लीगची सहावी फेरी, आपल्या मैदानावर. अंगठ्याचं हाड मोडल्यानंतर तुझा पहिला सामना. तू बाकावरचा शेवटचा खेळाडू, जर्सी क्रमांक २६. गरज पडली तरच उतरवायचं, असं प्रशिक्षक बोडोनं ठरवलेलं.

२. चौथ्या क्वार्टरच्या अगदी शेवटी, सामना हातचा गेल्यावर, बोडोनं तुला आत जायला सांगितलं. तू बदली खेळाडूंच्या फाटकाकडे गेलास. थोड्या वेळानं शेवटचा भोंगा वाजला. भोंग्याच्या आधी तू रेषा ओलांडलीस की नंतर, एवढाच प्रश्न आहे.

३. फाटकावर कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, याची नोंद बाबा ठेवत होते. गेली तेवीस वर्षं तेच ठेवतात. त्यांच्या कागदावर २६ क्रमांक आत गेल्याची नोंद नाही.

४. राज्य संघाचा नियम: निवडीआधी त्या हंगामात लीगच्या किमान पाच सामन्यांत खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरलेला असावा. यादीत नाव असणं पुरत नाही. क्लबची सचिव डॉट हिनं संघाच्या याद्यांवरून तुझे पाच सामने मोजले आणि सही केली. फाटकाचे कागद तिनं पाहिले नाहीत. त्या कागदांप्रमाणे तुझे सामने चार.

५. शनिवार, १५ जून. पश्चिम ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपलं राज्य चार गुणांनी जिंकलं. शेवटचा गोल तुझा.

६. सोमवार, १७ जून. पर्थहून हरकत आली.

७. बुधवार, २६ जून. सुनावणी. बाबांनी साक्ष दिली. तू विरोध केला नाहीस. तू अपात्र ठरलास, सामना पर्थला गेला, बावीस जणांनी पदकं परत केली.

८. रविवार, ३० जून. तू गेलास.

यात काही चुकलं असेल तर कळव. मी स्वतः ११ मेला समोरच्या स्टँडमध्ये होते आणि त्या क्षणी फाटकाकडे पाहत नव्हते. कोणीच पाहत नव्हतं. कॅमेरा चेंडूबरोबर दुसऱ्या टोकाला होता. तुझ्यासाठी बाहेर आलेला शेफर्ड म्हणतो की तो खाली मान घालून येत होता. बोडो म्हणतो, "मी त्याला जा म्हटलं. पोचला की नाही ते मला विचारू नका, मी सत्तावन्न गुणांनी हरत होतो." आणि भोंगा वाजला की फाटकं उघडतात, लोक आपापले चेंडू घेऊन मैदानात घुसतात. त्या गर्दीत एक माणूस आधी आला की नंतर, हे कोण सांगणार. बाबांच्या कागदाशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

स्मोकी बेचा पत्ता बोडोनं दिला. शिंपल्यांच्या शेतावर काम मिळालं असं तो म्हणाला. तिथे फोन लागतो, हे मी नकाशात तपासलं आहे. तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू काही सामान ठेवून गेला आहेस. बूट, गुडघ्याचे पट्टे, आईची किटली. पाठवायचं असेल तर सांग.

मेरेडिथ


लार्ग्स नॉर्थ
रविवार, ४ ऑगस्ट

कॅलम,

उत्तर आलं नाही. सामान माझ्याकडेच आहे.

बाबांबद्दल लिहायला हवं. सुनावणीनंतर ते तुझं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात. मागच्या रविवारी जेवताना म्हणाले, त्याला एक आठवडा थांबता आलं नाही. मी म्हटलं, कोणाला? तर म्हणाले, "तुला माहीत आहे कोणाला. चार सामने खेळायचे आणि पाचाची जर्सी घालायची. एकतीस वर्षांचा घोडा आणि शाळेतल्या पोरासारखी लबाडी." मग त्यांनी सॉस मागितला.

ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, कॅलम. त्यांना लाज वाटते. तू नॅशनल लीगच्या क्लबच्या यादीवर दोन वर्षं होतास आणि एकदाही मैदानात उतरला नाहीस, तेव्हा ते बारमध्ये प्रत्येकाला सांगत होते की पोराची वेळ येईल. ती जूनमध्ये आली. आता बारमध्ये तुझं नाव निघालं की मागून कोणीतरी तोंडानं भोंगा वाजवतो. परवा वाजवला तेव्हा बाबांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. मी बाहेर आले तेव्हा ते मागच्या सीटवर होते. चालवायचं कोणी, असं मी विचारलं. तुझी आई येईल, म्हणाले.

आईला जाऊन सहा वर्षं झाली हे तुला सांगायला नको.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. ईस्टरच्या सुमारास ते टापरूच्या आपल्या जुन्या घराच्या दाराला किल्ल्या लावताना सापडले होते. त्या घरातली बाई चांगली होती. तिनं चहा दिला आणि मला फोन केला. मी ते कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तुझा अंगठा तेव्हा प्लास्टरमध्ये होता आणि तू एवढंच विचारत होतास की सहाव्या फेरीपर्यंत निघेल का.

डॉक्टरांकडे आता नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं. बाबांनी गोल छान काढला. आकडे सगळे उजव्या बाजूला लिहिले. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या की काही सांगायचं, विचारायचं, मिटवायचं असेल तर ख्रिसमसपर्यंत थांबू नका.

शनिवारी ते अजून फाटकावर उभे राहतात. डॉट शेजारी दुसरा कागद घेऊन बसते आणि नंतर तोच लीगला पाठवते. बाबांना माहीत नाही. मी तिला विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली जूनपासून. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या सहीवर मी तेवीस वर्षं डोळे मिटून शिक्का मारला, मेरी. आता डोळे उघडून मारते, एवढंच."

आणखी एक गोष्ट आहे, ती तू विचारलंस तर सांगेन. पण आधी उत्तर दे.

मेरेडिथ


लार्ग्स नॉर्थ
रविवार, २५ ऑगस्ट

कॅलम,

गुरुवारी खोका आला. सहा डझन शिंपले, बर्फात, बाबांच्या नावानं. चिठ्ठी नव्हती. मी खोका दोनदा रिकामा करून पाहिला.

बाबांनी स्वतः उघडले. सुरी नेमकी सांध्यात घालायची, मनगट वळवायचं, एकही फुटला नाही. अठरा खाल्ले. कोणी पाठवले, असं विचारलं. मी बाजारातून आणले म्हटलं. म्हणाले, ज्यानं वाढवले त्याला कळतं काय करतोय ते. हे तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे. त्यांना तुझं नाव न सांगण्याचा निर्णय माझा. तो चुकला असेल. हल्ली माझ्या निर्णयांवर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण खाली लिहिते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाबांच्या कागदाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. ते खोटं आहे.

तुला आठवत असेल, सामना संपल्यावर तू पाठीवरच्या खिशातला ट्रॅकर, खेळाडूची जागा नोंदणारं ते यंत्र, काढून माझ्या हातात दिलास. नेहमीसारखाच, संघाचे ट्रॅकर मी सांभाळते म्हणून. मी बावीस ट्रॅकर पेटीत ठेवले, घरी नेले, डेटा उतरवला. तुझी फाइल उघडली नाही, कारण तू खेळला नाहीस असं मी धरून चालले होते. मंगळवारी, २५ जूनला, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत सर्वेक्षण बोटीवर बसून ती उघडली.

चौथं क्वार्टर. ४ वाजून ३१ मिनिटं २४ सेकंदांना तू बाकावरून उठलास. ३१:२८ ला फाटकाच्या टेबलापाशी थांबलास. ३२:०६ ला रेषा ओलांडून आत गेलास. स्कोअरबोर्डचं घड्याळ मार्चमध्ये मीच उपग्रहाच्या वेळेशी जुळवलं होतं, आणि भोंग्याची वेळ त्यात साठते. भोंगा ३२:१७ ला वाजला. अकरा सेकंद. भोंगा वाजला तेव्हा तू रेषेपासून अठ्ठावन्न मीटर आत होतास आणि पळत होतास. उपकरणाची चूक जास्तीत जास्त दीड मीटर. मी बंदराच्या तळाची खोली याहून कमी खात्रीच्या आकड्यांवर मोजते आणि जहाजं त्यावर विश्वास ठेवून आत येतात.

तू पाच सामने खेळलास. तू पात्र होतास.

मी लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन आले नाही.

सुनावणीत बाबा कोट घालून आले होते. अध्यक्षांनी विचारलं, मुलाबद्दल साक्ष द्यायला अवघड जात असेल तर आम्ही समजू शकतो. बाबा म्हणाले, "अवघड कशाचं? माझ्या कागदावर नाही, म्हणजे तो आत नव्हता. मुलगा माझा आहे, कागद क्लबचा आहे." तो माणूस त्या वाक्यात पूर्ण होता, कॅलम. ईस्टरनंतर मी त्यांना इतकं पूर्ण पाहिलं नव्हतं. मग अध्यक्षांनी तुला विचारलं, आणि तू एवढंच म्हणालास की त्यांच्या कागदाविरुद्ध मला काही बोलायचं नाही. सगळ्यांनी तो कबुलीजबाब धरला. तू त्यानंतर एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी पाणी प्यायले.

मी तेव्हा ठरवलं होतं की एक जर्सी गेली तर गेली, बाबांचं विसरणं गावासमोर उघडं पडायला नको. मी हिशेब केला असं मला वाटलं. ज्याचं जाणार होतं त्याला विचारलं नाही, म्हणजे तो हिशेब नव्हता. बाहेर गाड्यांपाशी तू हात पुढे केलास आणि बाबांनी खिशातून हात काढला नाही, तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. नंतरच्या रविवारी तुझी गाडी गेली तेव्हाही. आज पाहिलं तर सुनावणीनंतर साठ दिवस झाले, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी सांगता आलं असतं.

मला एकच गोष्ट कळत नाही. टेबलापाशी तू अडतीस सेकंद का थांबलास? क्रमांक सांगून आत जायला तीन सेकंद लागतात. ट्रॅकर जागा सांगतो, वेळ सांगतो. तिथे काय झालं ते तुलाच माहीत आहे.

मी माफी मागते असं लिहून दोनदा खोडलं. ते तुझ्या कोणत्याही कामाचं नाही.

मेरेडिथ


लार्ग्स नॉर्थ
रविवार, ८ सप्टेंबर

कॅलम,

अडतीस सेकंदांचं उत्तर मला मिळालं. तुझ्याकडून नाही.

काल हंगामातला आपला शेवटचा सामना झाला. परत येताना बाबा खुशीत होते. गाडी बंदरावरच्या पुलावर उभी होती, खालून बोट जात होती म्हणून पूल वर उचललेला. ते आपणहून बोलू लागले. ते बोलले तसंच लिहिते, काही न घालता.

"एक गंमत सांगायची राहिली तुला. मागं एकदा शेवटच्या मिनिटाला एक गडी माझ्या टेबलाशी आला. आपलीच जर्सी. सव्वीस. म्हणाला, सव्वीस आत जातोय, बाबा. आता मला सगळेच बाबा म्हणतात, त्याचं काही नाही. पण मला तो ओळखूच येईना. मी विचारलं, कुणाचा रे तू? तर नुसता बघत राहिला. मी म्हटलं, आत जायचंय की फोटो काढायचाय? तरी जाईना. माझा हात धरला त्यानं, पेनासकट. चांगला वाटला मला पोरगा. मग पळाला. पळायला मात्र झकास. मी त्याच्याकडे बघतच राहिलो, तेवढ्यात भोंगा झाला."

मी विचारलं, मग कागदावर लिहिलंत का?

म्हणाले, "नाव माहीत नसताना काय लिहिणार?"

पूल खाली आला. मागच्यानं हॉर्न दिला. मी गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत ते हंगामाबद्दल बोलत होते. दाराशी थांबून म्हणाले, त्या सव्वीसला पुढच्या वर्षी खेळवा म्हणावं बोडोला.

तू म्हणूनच गप्प बसलास. तुला तेव्हाच कळलं होतं, अडतीस सेकंदांत, आणि तू ते कोणाला सांगितलं नाहीस. मलाही नाही. मी ईस्टरपासून लपवत होते, तू मेपासून. आपण दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली, आणि त्यांच्या जवळ जे उरलं होतं तेही त्यात गेलं. ते आता रोज थोडे विसरतात. विसरत नाहीत ते एवढंच की मुलानं लबाडी केली. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं होतं. सगळं जातं आणि एखादी दुखणारी गोष्ट मागे राहते, कारण माहीत नसताना. उद्या त्यांना तुझं नाव आठवणार नाही, आणि लाज तरीही वाटत राहील.

आता व्यवहाराचं.

निकालानंतर नव्वद दिवसांत नवा पुरावा देता येतो. मुदत मंगळवार, २४ सप्टेंबरला संपते. सामन्याचा निकाल बदलणार नाही, असं मी नियमात वाचलं आहे. तो पर्थचाच राहील. पदकं परत येणार नाहीत. तुझ्या नावापुढचं 'अपात्र' निघेल, एवढंच. पुढच्या जूनला तू बत्तीस वर्षांचा असशील आणि गुडघे तुझे तुला माहीत आहेत, तेव्हा ती जर्सी पुन्हा मिळेल असं मी लिहिणार नाही.

ट्रॅकरचा डेटा खेळाडूच्या मालकीचा असतो. तुझ्या सहीशिवाय तो मला देता येत नाही. सहीचा कागद सोबत जोडला आहे. डेटा दिला तर बाबांना पॅनेलसमोर पुन्हा बोलावतील, किंवा मला तरी बाबांबद्दल सगळं सांगावं लागेल. क्लबमध्ये कळेल. पुढच्या हंगामात फाटकावर दुसरं कोणीतरी असेल. ते तसंही असणार आहे, पण मग सगळ्यांना कारण माहीत असेल.

याहून अवघड दुसरं आहे. बाबांना सांगायचं की नाही. सांगितलं तर त्यांना कळेल की मुलानं लबाडी केली नव्हती. त्याच वेळी हेही कळेल की त्यांनी कोट घालून, भरल्या खोलीत, स्वतःच्या मुलाविरुद्ध चुकीची साक्ष दिली, आणि ज्याला ओळखलं नाही तो तूच होतास. एक दिल्याशिवाय दुसरं देता येत नाही. मी बरेच दिवस दोन्ही वेगळे करता येतील का पाहते आहे. येत नाहीत. आणि सांगितलेलं त्यांच्याजवळ किती दिवस राहील तेही ठाऊक नाही. एखाद्या आठवड्यानं पुन्हा सांगावं लागेल आणि ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकतील.

मी एकटीनं एकदा ठरवलं. पुन्हा ठरवणार नाही. तू म्हणशील ते करेन, आणि त्यावर वाद घालणार नाही. तू यायचं म्हटलंस तर तुझ्यादेखत सांगेन. त्यांचे सकाळचे नऊ ते अकरा बरे जातात. तू येणार नसलास तर मी सांगेन, आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं तुला लिहीन. काहीच करू नको म्हणालास तर फाइल पुसून टाकेन आणि याबद्दल पुन्हा कधी लिहिणार नाही.

तुझं काहीच आलं नाही, तर तुझं उत्तर 'नाही' आहे असं धरेन. माझं धरणं किती चुकतं ते तुला दिसलंच आहे, म्हणून 'नाही' असलं तरी ते लिहून पाठव.

दोन गोष्टींचं उत्तर हवं आहे. सहीचा कागद पाठवणार का, आणि बाबांना सांगायचं का. स्मोकी बेहून टपाल इथे यायला चार दिवस लागतात. फोन केलास तरी चालेल, संदेश पाठवलास तरी चालेल. शुक्रवार, २० सप्टेंबरपर्यंत कळव.

मेरेडिथ